डोक्यावरून गेलेले विमान कोणत्या कंपनीचे, कोणत्या प्रकारचे?

घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्तीत राहणाऱ्यांना विमानाचे अप्रूप नाही. मुंबई विमानतळावर पूर्वेकडून उतरणारे विमान आपल्या पत्र्यावरून जाते, टीव्हीवरचे बोलणे दोन क्षण ऐकू येत नाही, आणि मग पुढचे येते. आम्हीही वर्षानुवर्षे मान वर न करता जगलो. गेल्या महिन्यात मात्र एक ताई आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या आणि आमची मान वर झाली.

"जयभीम दादा. याला जरा समजवा. बारावी सायन्स झाला, पण दिवसभर गच्चीवर बसून विमानं मोजतो. आता एक कोर्स करायचा म्हणतोय. तीन लाख मागतात. बचत गटाचं कर्ज मिळेल, भिशीही लागलीये. भरू का पैसे?"

पोराच्या हातात दोनशे पानी वही होती. तारीख, वेळ, कंपनी, विमानाचा प्रकार असे चार रकाने आखलेले. कोर्सच्या पत्रकाआधी आम्ही ती वही पाहायला घेतली. त्या वहीतून आणि नंतर आम्ही केलेल्या चौकशीतून जे समजले ते वाचकांसमोर ठेवतो. यात मौज आहेच, पण त्या तीन लाखांचे उत्तरही यातच आहे.

आधी ओळख कशी पटवायची ते पाहू. शेपटीवरच्या रंगाने कंपनी कळते, प्रकार कळत नाही. पोराने आम्हांला चाके मोजायला शिकवले. उतरताना विमानाची चाके खाली असतात. पोटाखाली प्रत्येक बाजूला चाकांची एकच जोडी असेल तर ते बहुधा एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७. दोन जोड्या असतील तर बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५०. एका बाजूला तीन जोड्या, म्हणजे सहा चाके असतील तर बहुधा बोइंग ७७७. ए-३२० आणि ७३७ यांच्यात घोटाळा होतो. तेव्हा पंखाचे टोक पाहावे. नव्या ए-३२० चे टोक एकाच पात्यासारखे वर वळलेले असते. नव्या ७३७ मॅक्सचे टोक दुभंगलेले असते, एक फाटा वर, एक खाली. पंख छताला टेकल्यासारखे वर आणि त्याला पंख्याची पाती असतील तर ते एटीआर. एवढे पाठ झाले की गच्चीवर कोणीही पंडित होतो.

वहीची पाने उलटताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. इंडिगोच्या नावापुढे पानामागून पान "ए-३२०, ए-३२१, ए-३२०" असेच लिहिलेले. एअर इंडियापुढे मात्र भेळ: ए-३२०, ७८७, ७७७, ए-३२१. अकासापुढे फक्त ७३७ मॅक्स. आम्ही विचारले, "प्रत्येक कंपनी वेगळे विमान का घेते रे?" पोरगा म्हणाला, "सर, तेच तर मला शिकायचंय."

याचे उत्तर एस.टी.च्या डेपोत काम केलेल्या माणसाला चटकन कळेल. डेपोत लेलँडच्या गाड्या आणि टाटाच्या गाड्या असल्या तर दोन्हींचे सुटे भाग वेगळे ठेवावे लागतात. लेलँडचा भाग टाटाला चालत नाही. विमानाचे तर त्याहून अवघड. बस चालवणारा चालक दुसरी बस चालवू शकतो. पण ए-३२० चा वैमानिक त्याच परवान्यावर ७३७ च्या खुर्चीत बसू शकत नाही. त्या प्रकाराचे वेगळे प्रशिक्षण, वेगळी परीक्षा, परवान्यावर वेगळी नोंद लागते. दुरुस्ती करून "हे विमान उडण्यास योग्य आहे" अशी सही करणाऱ्या अभियंत्याचेही तसेच. त्याच्या परवान्यावर विमानाचा प्रकार आणि त्याचे इंजिन, दोन्हींची नोंद लागते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे कामाला येणार आहे.

इंडिगोने २००५ साली एकदम १०० ए-३२० विमानांची मागणी नोंदवली आणि ऑगस्ट २००६ मध्ये उड्डाणे सुरू केली. पुढची अकरा वर्षे त्या कंपनीने दुसऱ्या प्रकाराला हातच लावला नाही. एक वैमानिक आजारी पडला तर दुसरा कोणीही त्याच्या जागी बसेल. एक विमान अडकले तर दुसरे तेवढ्याच आसनांचे उभे राहील. सुट्या भागांचे एकच कोठार. स्वस्त तिकिटामागे हे मोठे कारण आहे. अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीने १९७१ पासून बोइंग ७३७ धरून हेच केले होते. जून २०२३ मध्ये इंडिगोने एअरबसकडे आणखी ५०० विमानांची मागणी नोंदवली. तोवर कोणत्याही कंपनीने एका वेळी इतकी विमाने मागितली नव्हती. आमच्या गच्चीवरच्या वहीची पाने त्यांच्याच नावाने भरतात यात नवल नाही.

पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की काय होते, हेही याच प्रकारच्या विमानाने दाखवून दिले. नव्या ए-३२० निओ विमानाला दोन कंपन्यांपैकी एकीचे इंजिन बसवता येते. गोएअर, जिचे नाव पुढे गो फर्स्ट झाले, त्या कंपनीने आपल्या सर्व निओ विमानांना प्रॅट अँड व्हिटनीचे इंजिन घेतले. इंजिने वारंवार बिघडली, बदली इंजिने वेळेवर मिळाली नाहीत असे कंपनीने सांगितले, आणि तिची जवळजवळ निम्मी विमाने जमिनीवर उभी राहिली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. याच इंजिनाच्या भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचे जुलै २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर इंडिगोचीही सत्तरच्या वर विमाने २०२४ च्या सुरुवातीला उभी होती. फरक एवढाच की इंडिगोने २०१९ मध्येच दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांची मागणी नोंदवली होती आणि तिच्याकडे उडती विमाने भरपूर होती. गो फर्स्टकडे ना दुसरे इंजिन, ना दुसरे विमान. साहेब लोक दुसरीकडे जातात. सामान चढवणारा, काउंटरवर उभा राहणारा, विमान झाडणारा मात्र पगार थकलेला घेऊन घरी बसतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हाही आम्ही हे जवळून पाहिले. जेटकडे तर ७३७, ७७७, ए-३३० आणि एटीआर असे चार प्रकार होते. तिच्या बुडण्याला कारणे पुष्कळ होती. म्हणून एकच प्रकार चांगला की अनेक, याचा सोपा हिशोब आम्ही करीत नाही.

एअर इंडियाची भेळ कशी झाली हे तिच्या इतिहासात आहे. १९५३ साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा परदेशासाठी एअर इंडिया आणि देशातल्या देशात इंडियन एअरलाइन्स अशी वाटणी झाली. एकीला लांब पल्ल्याची मोठी विमाने हवी होती, दुसरीला लहान. १९७१ साली एअर इंडियाकडे पहिले जम्बो, बोइंग ७४७ आले. त्याचे नाव 'सम्राट अशोक'. या विमानांना सम्राटांची नावे देत. आपल्यातल्या जुन्या माणसांना हे नाव विमानावर लिहिलेले पाहून काय वाटले असेल! तेच 'सम्राट अशोक' १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघाले आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. दुसरे जम्बो 'सम्राट कनिष्क', ते २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ बाँबस्फोटाने पडले, ३२९ माणसे गेली. आपल्या जिव्हाळ्याची दोन्ही नावे अशी समुद्रात गेली, हे लिहिताना आजही हात थबकतो.

जम्बोला चार इंजिने. त्याचे कारण ताकद एवढेच नव्हते. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून एका तासाच्या अंतरातच राहिले पाहिजे असा जुना दंडक होता. एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्याच्या बळावर उतरता यावे म्हणून. महासागर ओलांडायचा तर चार किंवा तीन इंजिने लागत. इंजिने भरवशाची झाली तसा १९८५ पासून हा दंडक सैल झाला. मग ७७७ आणि ७८७ ही दोन इंजिनांची विमाने कमी इंधनात तेवढेच लांब जाऊ लागली आणि चार इंजिनांचे दिवस भरले. एअर इंडियाच्या उरलेल्या जम्बोंपैकी एक २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून कायमचे निघाले, तेव्हा वैमानिकाने दोन्ही पंख हलवून निरोप घेतला.

देशातल्या इंडियन एअरलाइन्सची गोष्ट आणखी मजेची. तिने १९८९ मध्ये ए-३२० आणली. पण आपल्याकडच्या काही धावपट्ट्या कच्च्या म्हणून एका बाजूला एका जोडीऐवजी दोन जोड्या चाके बसवून घेतली. वजन चार चाकांवर वाटले गेले. म्हणजे वर सांगितलेला चाके मोजण्याचा नियम त्या काळी फसला असता! ती विमाने आता राहिली नाहीत, नियम बिनधास्त वापरा.

२००७ मध्ये या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि दोघींची विमाने एका घरात आली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात मिसळली, तिची ए-३२० आणि ७८७ घेऊन. दोन भावांचे संसार एका खोलीत आले की भांडी दुप्पट होतात, तसे हे झाले. नव्या मालकांनी २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० नवी विमाने मागितली, तीही दोन्ही कारखान्यांकडून: २५० एअरबसची, २२० बोइंगची. मुंबई ते न्यू यॉर्क न थांबता जायचे तर ७७७ सारखे मोठे विमान लागते. मुंबई ते नागपूर त्याने जाणे म्हणजे पाव किलो साखरेला ट्रक पाठवणे. म्हणून लांबचे आणि जवळचे दोन्ही मार्ग चालवणाऱ्या कंपनीला अनेक प्रकार टाळता येत नाहीत. इंडिगोलाही ते चुकले नाही. लांबच्या परदेशासाठी तिने २०२४ मध्ये ३० ए-३५० मागितली, पुढच्या वर्षी ती ६० केली.

आखातात नोकरीला जाणाऱ्यांच्या घरी हे सहज कळेल. मुंबई-दुबई हा एकच मार्ग. एमिरेट्सने २०१४ पासून त्यावर ए-३८० आणले. दोन मजली, चार इंजिनांचे, काही विमानांत ६१५ आसने. दुबई हे त्यांचे जंक्शन. सगळ्या जगातून माणसे आणायची, दुबईत उतरवायची आणि पुन्हा जगभर पाठवायची. म्हणून मोठे विमान भरते. या प्रकारची २५१ विमाने बनली, त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. बाकीच्या कंपन्यांना ते भरणे जमले नाही आणि २०२१ मध्ये शेवटचे विमान देऊन कारखान्याने ते बनवणे थांबवले. दुसरीकडे एअर इंडिया एक्सप्रेस २००५ पासून केरळहून आखातात ७३७ नेते. आसने दोनशेच्या आत, जेवणाचा थाट नाही, पण कालिकतच्या माणसाला मुंबई न करता थेट जाता येते.

लहान गावांची गोष्ट वेगळी. तिथे ए-३२० ची पावणेदोनशे आसने रोज कोण भरणार? तिथे एटीआर लागते. सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसने, दीड हजार मीटरच्या आतल्या धावपट्टीवरही उतरते, इंधन कमी पिते. गोव्याची फ्लाय-९१ ही कंपनी मार्च २०२४ मध्ये फक्त एटीआर घेऊन सुरू झाली आणि गोवा, जळगाव, सिंधुदुर्ग असे मार्ग तिने धरले. स्टार एअरने ब्राझीलच्या एम्ब्राएरची ५० आणि ७६ आसनांची जेट विमाने घेतली. २०२४ मध्ये त्यांनी नांदेडहूनही उड्डाणे सुरू केली. आणि अरुणाचलातल्या पासीघाटला एप्रिल २०२२ मध्ये अलायन्स एअरने जे १७ आसनी डॉर्निअर नेले, ते कानपूरला आपल्याच हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले होते.

बोधगयेला गेलेल्या वाचकांनी कदाचित भूतानच्या ड्रुक एअरचे विमान पाहिले असेल. ही कंपनी एअरबस ए-३१९ वापरते, म्हणजे ए-३२० चाच आखूड भाऊ. भूतानचे पारो विमानतळ सुमारे २,२०० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. उंचावर हवा विरळ, पंख कमी उचलतात, इंजिनही कमी जोर देते. आखूड, हलके आणि जोरदार इंजिनाचे विमान तिथे चालते. मार्ग विमान ठरवतो, तसा डोंगरही ठरवतो.

आता अकासाच्या ७३७ मॅक्सबद्दल पुष्कळ वाचक विचारतात, ते धोक्याचे नाही ना? ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मॅक्स पडले, मिळून ३४६ माणसे गेली. ७३७ हे १९६७ च्या सुमाराचे, जमिनीलगत बसलेले विमान. नवी मोठी इंजिने खाली मावेनात म्हणून ती पुढे आणि वर सरकवली. त्याने बदललेला तोल सावरण्यासाठी एक आपोआप चालणारी यंत्रणा बसवली. एका बिघडलेल्या संवेदकाच्या चुकीच्या मोजणीवर ती विमानाचे नाक खाली दाबत राहिली. वैमानिकांना त्या यंत्रणेची नीट माहिती दिली नव्हती. हेतू काय होता? नवे प्रशिक्षण लागू नये, जुनाच परवाना चालावा, खर्च वाचावा. बघा, पुन्हा तोच प्रकाराचा आणि परवान्याचा मामला. जगभर ते जमिनीवर बसवले. दुरुस्ती आणि प्रशिक्षणानंतर भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी मिळाली. अकासा ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच विमानाने सुरू झाली. कोणतेच विमान शंभर टक्के निर्धोक नसते. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचे ७८७ पडले, त्याआधी जगात त्या प्रकाराचे एकही विमान असे कोसळले नव्हते.

आता ताईंच्या तीन लाखांकडे येतो. ते पत्रक आम्ही वाचले. चकचकीत कागद, गणवेशातल्या मुली, मागे जम्बो जेट! भारतातली कोणतीच कंपनी आता प्रवाशांसाठी जे चालवत नाही ते विमान पत्रकावर होते. खाली लिहिले होते, "सर्व एअरलाइन्समध्ये इंजिनिअरिंगची नोकरी." आमच्या ओळखीतल्या एका मुलाने अशाच एका वर्गात दीड लाख घालवले. हाती एक प्रमाणपत्र आले, ते विमानतळावर कोणी पाहिले नाही. आज तो कुरिअरची गाडी चालवतो.

विमान दुरुस्तीचा अभियंता व्हायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांचा परवाना लागतो. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवे. संस्था डीजीसीएच्या मान्यतेची हवी, आणि मान्य संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. परीक्षा डीजीसीए घेते, संस्था नव्हे. परीक्षेनंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. आणि मूळ परवाना मिळाला तरी मोठ्या विमानावर सही करायला त्या प्रकाराची नोंद लागते, हे वर सांगितलेच आहे. "सर्व एअरलाइन्स" ही बातच तिथे खोटी ठरते. विमानतळ व्यवस्थापन, प्रवासी सेवा हे निराळे अभ्यासक्रम. त्यांतून काउंटरवरचे काम मिळू शकते, अभियंता होत नाही. पत्रकात ही दोन्ही एका पिशवीत भरलेली होती.

म्हणून कोणती कंपनी कोणते विमान घेते याची वही भरणारा मुलगा वाया गेलेला नाही, असे आम्ही ताईंना सांगितले. इंडिगो आणि एअर इंडियाने शेकडो ए-३२० कुळातली विमाने मागितली आहेत. ती येतील तशी त्यांना हात लावणारी माणसेही लागतील. नागपूरचेच पाहा. एअर इंडियाने २००५-०६ मध्ये बोइंगकडून ६८ विमाने घ्यायचे ठरवले, तेव्हा त्या सौद्याच्या बदल्यात बोइंगने मिहानमध्ये विमान दुरुस्तीचा कारखाना उभारून दिला. तो २०१५ मध्ये सुरू झाला. ७८७ च्या मजल्याखालच्या तुळयाही नागपुरात टाटांच्या कारखान्यात बनू लागल्या. कंपनीने दिल्ली-मुंबईत बसून विमानाचा प्रकार ठरवला आणि काम विदर्भात आले.

मायलेकांना घेऊन आम्ही त्या वर्गाच्या कार्यालयात गेलो. आम्ही दोनच प्रश्न विचारले. डीजीसीएच्या यादीत तुमचे नाव कोणत्या क्रमांकावर आहे? आणि प्रत्यक्ष काम कोणत्या प्रकारच्या विमानावर शिकवता? समोरचे गृहस्थ म्हणाले, मान्यता "प्रोसेसमध्ये" आहे. पोराने हळूच विचारले, "सर, तुमच्याकडे ए-३२० आहे की ७३७?" गृहस्थांनी पत्रकावरच्या जम्बोकडे बोट दाखवले. ताईंनी पिशवीची चेन लावली आणि उठल्या.

पोरगा आता डीजीसीएच्या यादीतून तीन संस्थांचे पत्ते उतरवून घेऊन आला आहे. त्यांच्या फीचा आकडा तीन लाखांहून मोठा आहे. शिष्यवृत्तीचे काय, ते आम्ही समाजकल्याण कार्यालयात विचारायला येत्या सोमवारी त्याच्यासोबत जाणार आहोत.